गाळाचा डबा

संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्या नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा मला हसू आलं. ज्याचा जन्म लोकांनी लिहिलेलं न छापण्यात गेला त्याच्याकडे लेख मागणं म्हणजे दारूबंदीच्या शिपायाला दारूची चव विचारण्यापैकी आहे. त्याला ती ठाऊक असते, पण तो सांगत नाही. मी सांगतो, कारण आता मला नोकरीवरून काढणारं कोणी उरलेलं नाही.

अमरावतीच्या एका दैनिकात मी वाचकांच्या पत्रव्यवहाराचं सदर सांभाळत होतो. मुद्रितं तपासायला म्हणून लागलो होतो. साठ साल उजाडता उजाडता एक दिवस संपादक बापूसाहेबांनी टपालाची पिशवी माझ्या टेबलावर ओतली आणि म्हणाले, "तायडे, हे आता तुमचं. रोजचा दीड कॉलम. अन् एक ध्यानात ठेवा, आपलं नाव छापून आलेलं पाहाची नशा दारूपेक्षा वाईट." त्या दिवसापासून टेबलाखाली घासलेटचा एक रिकामा डबा, वरचा पत्रा कापून, ठेवला गेला. छापायचं नाही ते पत्र त्या डब्यात. आम्ही त्याला गाळाचा डबा म्हणत असू.

पुण्यात नोकरी करणारी माझी नात ई-मेलवरच्या कुठल्याशा चर्चामंडळाची राखण करते. मंडळात कोणीही लिहावं, पण ते आधी हिच्या नजरेखालून जायचं. सुट्टीत आली की तक्रारी सांगते. कोणी औषधं विकतो, कोणी एकच मेल दहा मंडळांत टाकतो, कोणी 'हे पुढे पाठवा नाहीतर वाईट होईल' म्हणून धमकावतो. "आबा, तुम्हाला नाही कळायचं हे स्पॅम वगैरे," असं तिनं म्हटलं तेव्हा मी तिला म्हटलं, "बाई, ही सगळी माणसं मी ओळखतो. तुझ्या जन्माआधी ती पोस्टकार्डं लिहीत होती."

औषधं विकणारा आमच्याकडे 'एक समाधानी वाचक' या नावानं यायचा. परतवाड्याच्या एका दंतमंजनानं त्याचे हलणारे दात घट्ट झाले होते. पुढच्या महिन्यात मूर्तिजापूरच्या समाधानी वाचकाचेही झाले. दोन्ही पत्रांवर शिक्का परतवाड्याचा आणि शाई तीच जांभळी. जाहिरातीचे पैसे वाचवायला माणूस स्वतःच्या दातांबद्दलही खोटं बोलतो, हे मी या धंद्यात शिकलो. अशांची मला भीती वाटत नसे. ती पत्रं हसत हसत डब्यात जायची.

एकच पत्र दहा ठिकाणी टाकणारे म्हणजे आमचे नानासाहेब. निवृत्त तहसीलदार, घरासमोरच्या उघड्या गटारीनं पिडलेले. खाली कार्बन घालून ते एका दमात चार प्रती काढत आणि वऱ्हाडातल्या सगळ्या पेपरांना धाडत. एकदा त्यांचं पत्र आमच्याकडे आणि अकोल्याच्या दैनिकात एकाच सकाळी शब्दाला शब्द आलं. कोणी कोणाची चोरी केली, असं एका वाचकानं कार्डावर विचारलं. दोन्ही संपादक आठवडाभर एकमेकांवर स्फुटं लिहीत राहिले. शेवटी बडनेरा स्टेशनावर चहाच्या कपावर तह झाला, की जे पत्र दोघांनाही आलं असेल ते कोणीच छापायचं नाही. नानासाहेबांची गटार त्या दिवसापासून छापखान्याला पारखी झाली.

हा तह पाळायला रोज कसरत करावी लागे. संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ मी पाकीट द्यायचो. त्यात निवडलेल्या पत्रांच्या पहिल्या ओळी असत. अकोल्याचे पत्रव्यवहारवाले इंगळे त्यांच्या ओळी परतीच्या गाडीनं पाठवत. शंका असली तर ट्रंक कॉल. इंगळे आधी शाळेत मास्तर होते आणि फोनवरसुद्धा हजेरी घेतल्यासारखे बोलत. माझी त्यांची भेट फार उशिरा झाली, पण आवाजावरून त्यांना पडसं झालेलं मला कळायचं.

पत्र कसं गाळायचं, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. आधी शिक्का बघायचा, मग मजकूर. सही नसेल तर डबा. 'असे ऐकिवात आहे' अशी सुरुवात असेल तर दोनदा वाचायचं. पत्रातलं कापता येतं, त्यात एक शब्दही घालता येत नाही. हे शेवटचं बापूसाहेबांचं. आपण न्हावी आहोत, मिशा लावणं आपलं काम नाही, असं ते म्हणायचे.

आता भीतीचं सांगतो. मी मुळात भित्रा माणूस. आमची वस्ती गावकुसाबाहेरची. वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, मी शिकलो, शहरात आलो, सुती पँट घालून टेबलाशी बसलो. पण लहानपणी वेशीकडून येणारा माणसांचा गलका ऐकून आई दाराला अडसर घालायची, तो आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही. चार माणसं बोलत असतात तेव्हा वेगळा आवाज असतो आणि चाळीस माणसांचं एकच म्हणणं झालं की वेगळा. टपालाच्या पिशवीतून मला कधी कधी तो दुसरा आवाज यायचा.

साखळीची पत्रं तर माझा जीवच खायची. अमुक देवाच्या नावानं अकरा पत्रं लिहा, न लिहिल्यास घरात मृत्यू होईल, असं पोस्टकार्ड पहिल्यांदा आलं ते मी ऐटीत डब्यात फेकलं. संध्याकाळी घरी गेलो तर आमच्या सुजाताला ताप. ती तेव्हा चार वर्षांची होती. रात्रभर मला ते कार्ड दिसत राहिलं. बायकोला सांगितलं तर ती कपाळावरची पट्टी बदलता बदलता म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या अन् पोस्टकार्डाले भेता?" तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी मात्र नंतर साखळीचं प्रत्येक कार्ड डब्यात टाकताना आजूबाजूला कोणी नाही ना, हे बघून मनातल्या मनात माफी मागायचो. नास्तिकाचीही एक गंमत असते.

त्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडली, कापसाच्या गाड्या बाजाराला लागल्या. पूर्णेवर एका पुलाचे खांब उभे राहत होते. आणि दर्यापूर भागातून एक पत्र आलं. पुलाच्या खांबाला लेकराचा बळी लागतो, ठेकेदारानं माणूस सोडला आहे, त्याच्या हातात पुरुषभर उंचीचं धनुष्य आहे. तो गावात शिरताना त्याची दोरी वाजवतो, आवाज ऐकून पोरं मागे जातात, एकटं सापडलं की तो पोत्यात घालतो. सुखदेव नावाच्या माणसाचा मुलगा गेलासुद्धा, असं लिहून त्याच्या गावाचं नाव दिलं होतं. खाली ओळ होती, हे पाच जणांस लिहावे, न लिहिणाराचे लेकरू जाईल.

दुसऱ्या दिवशी तेच पत्र चार गावांहून आलं. अक्षरं वेगळी, शाई वेगळी, मजकूर तोच. प्रत्येकानं ते 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलं होतं. मग पिशवीत दुसरं काही येईनासंच झालं. इंगळ्यांचा फोन आला. नेहमी खणखणीत बोलणारा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "तायडे, तुमच्याकडंबी तेच येऊन राहिलं का? आमच्या इकडं बायकांनी पोरं शाळेत पाठवनं बंद केलं."

बापूसाहेबांनी सगळी पत्रं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "यातलं एकबी छापाचं नाई. हो म्हननारं नाई अन् नाई म्हननारंबी नाई. अफवेचं नाव घेतलं का तिले पाय फुटते." मला ते शंभर टक्के पटलं. त्या दिवसापासून ज्या पत्राच्या वरच्या ओळींत पूल आणि लेकरू हे दोन शब्द दिसतील ते खालचं न वाचता डब्यात जाऊ लागलं. अकोल्यालाही तेच ठरलं.

मी विश्वास ठेवला नव्हता. मी शिकलेला होतो, प्रतिज्ञा घेतलेला होतो, त्या पत्रांची जात ओळखून होतो. तरी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "सुजाताला बाहेर पाठवू नकोस." बायकोनं ताट वाढलं. मी खाली मान घालून जेवायला बसलो.

जेवता जेवताच मला आठवलं. धनुष्य. पुरुषभर उंचीचं, दोरी वाजवत येणारं. असं धनुष्य मी दर वर्षी माझ्याच अंगणात बघत होतो. आमच्या गाद्या रहीमचाचा पिंजारी पिंजायचे. पिंजण म्हणजे लाकडी धनुष्यच, त्याला आतड्याची तात लावलेली. ती कापसात धरून लाकडी दांड्यानं ठोकली की कापूस फुलतो आणि टंग टंग असा आवाज गल्लीभर जातो. गावात शिरताना चाचा ती तात रिकामीच वाजवायचे. तीच त्यांची आरोळी. आवाज आला की गल्लीतली झाडून सगळी पोरं मागे. आमची सुजाता तर उडणाऱ्या कापसात जाऊन बसायची आणि पांढरी होऊन परत यायची. आणि दिवाळी झाली की चाचा खांद्यावर पिंजण, पाठीवर पोतं घेऊन दर्यापूरकडची गावं करायला निघायचे.

ते निघून गेले होते. कोणत्या गावाला, हे त्यांच्या घरीही ठाऊक नसे. जिथं काम मिळेल तिथं मुक्काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाची कचेरीत आल्या. या बाई कधी घराबाहेर फारशा पडलेल्या नाहीत. ओढणीचं टोक दातात धरून दारातच उभ्या राहिल्या. "भाऊ, दर्यापूरकडं एका फकिराले मारलं म्हनते. लई मारलं. आमच्या याहिचा काई पत्ता नाई." मी त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. "तुमच्या कागदाले लोक मानते. त्यात लिवा ना का हा मानूस पिंजारी हाय. खुदा के वास्ते लिवा." मी त्यांना काय सांगणार होतो? तुमच्या नवऱ्यावर उठलेली अफवा आम्ही शहाणपणानं दाबून ठेवली आहे, म्हणून त्यांच्या बाजूचंही काही छापता येत नाही, हे? "बघतो," म्हणालो. त्या गेल्या.

मी डबा टेबलावर उपडा केला आणि एकेक पत्र मुळापासून वाचू लागलो. काय शोधतोय ते मलाच माहीत नव्हतं. कोणी चाचांचं गाव लिहिलं असेल, मारहाणीचं लिहिलं असेल, एवढीच आशा किंवा भीती. ढिगाच्या मध्यावर शाळेतल्या मास्तरी अक्षरातलं एक पत्र निघालं. वरच्या ओळींत पूल होता, लेकरू होतं, म्हणून ते न वाचताच गाळात गेलं होतं. खाली लिहिलं होतं, की पुलाच्या कामासाठी माझे लेकरू नेले अशी आवई उठली आहे ती खोटी आहे. मुलगा मजवर रागावून वरूडास मामाकडे संत्र्याच्या बागेत गेला होता. तो सुखरूप आहे, परवा घरी आणला. कोणी नेला नव्हता. खाली सुखदेवचा अंगठा. आणि त्याच्याही खाली, प्रामाणिकपणे, 'सदर पत्र सर्वांस कळावे म्हणून अकोल्याचे पेपरासही धाडले आहे.'

मी इंगळ्यांना ट्रंक कॉल लावला. अर्ध्या तासानं लागला. "आलं होतं," ते म्हणाले. "मी खालपर्यंत वाचलं. पन दोन्हीकडं धाडलं म्हनून लिवलं होतं ना त्यात, मंग ठेवून देलं." त्या बापानं दोन्हीकडे धाडलं ते पत्र चुकू नये म्हणून, आणि ते इकडे वरच्या ओळींनी मेलं, तिकडे आमच्या तहामुळे तळाच्या ओळीनं. लबाड असता, तळाची ओळ लिहिली नसती, तर निदान एका तरी दारातून आत आला असता.  

मी पत्र घेऊन बापूसाहेबांकडे गेलो. त्यांनी वाचलं, परत दिलं. "ज्या गावात हे पोचलंच नाई, तिथं आपन पोचवाचं का, तायडे? खोटं हाय म्हनून सांगाले गेलो तरी लोक अर्धंच ऐकते."  मलाही तीच भीती होती. मी एवढंच म्हणालो, "बापूसाहेब, रहीमचाचा तिकडे आहेत." त्यांनी पत्र पुन्हा हातात घेतलं. त्यांच्याही गाद्या चाचाच पिंजत. मग म्हणाले, "वरच्या ओळी कापा. पूल नाई, बळी नाई. पोरगा मामाकडं होता, सुखरूप हाय, एवढंच ठेवा. ज्यानं ऐकलं त्याले समजन, ज्यानं नाई ऐकलं त्याले वाटन का बापाले पोराचं कौतुक हाय. अन् अकोल्याले सांगा. दोघंबी छापू."

पण यात पिंजाऱ्याचा शब्द कुठंच नव्हता आणि सुखदेवच्या पत्रात मिशा लावायच्या नव्हत्या. त्यासाठी दुसरा कोणी लिहिणारा हवा होता. असा, की ज्याचं नाव दर्यापूर भागात नुसतं वाचून माणूस थबकेल. मी सायकल काढली आणि नानासाहेबांच्या घरी गेलो. ते गटारीकडे पाठ करून बसले होते.

"आता छापता वाटतं?" मला बघून ते म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. नानासाहेब नोकरीच्या काळात दर्यापूरला तहसीलदार होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. "रहीम? अहो, आमच्या बंगल्यावर यायचा तो. त्याच्या पोत्यात आमचा धाकटा लपून बसायचा." एवढं बोलून ते आत गेले आणि कागद घेऊन आले. त्यांनी सवयीनं खाली कार्बन घातला. लिहिलं, की रहीम पिंजारी यास मी पुष्कळ वर्षांपासून जाणतो, तो दरसाल या दिवसांत त्या भागात गाद्या पिंजण्यास येतो, त्याचे हाती असते ते पिंजण आणि पोत्यात असतो तो कापूस, सबब त्यास कोणी अडथळा करू नये. सही केली, खाली 'निवृत्त तहसीलदार, दर्यापूर' असं ठळक लिहिलं. मग दुसरी प्रत हातात धरून माझ्याकडे बघितलं. "ही अकोल्याला पाठवू, का तुमचा नियम आडवा येतो?"

"पाठवा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं म्हणालो. ती प्रत संध्याकाळच्या गाडीनं माझ्याच पाकिटातून गेली.

सकाळी दोन्ही दैनिकांत, त्याच जागी, तीच दोन पत्रं शब्दाला शब्द आली. गठ्ठे पहिल्या गाडीनं गेले आणि त्यानंतरचा दिवस मला अजून आठवतो. टपाल आलं, ते मी उघडलं नाही. गावं उजळायला निघालेलं माझं शहाणपण उद्या कुठल्या नव्या गावात आग लावील, ही एक भीती. आणि गठ्ठा पोचेपर्यंत फार उशीर झाला असेल, ही दुसरी. दारातून कोणी आत आलं की मी उठून उभा राहायचो. दुपारी चाची आल्या, काही न विचारता पायरीवर बसल्या. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. तो तसाच निवला.

संध्याकाळी दर्यापूरच्या गाडीचा कंडक्टर कचेरीत आला आणि म्हणाला, "पिंजारी जिवंत हाय. दवाखान्यात नेला." चाचींनी त्याला परतीच्या गाडीची वेळ विचारली.

काय झालं ते चाचांनी मला नंतर सांगितलं. गावाचं नाव त्यांनी सांगितलं होतं, मी लिहीत नाही. त्या गावचे लोकही भ्यालेलेच होते.

"सकायीच धरलं," चाचा म्हणाले. "मी तात वाजवली अन् नेहमीसारखे पोट्टे येतीन म्हनून मांगं पायलं, तं मोठे मानसं. काठ्या घेऊन. पोलीस पाटलानं मले खेचून सरकीच्या गोडाउनात टाकलं अन् कुलूप लावलं, म्हनून वाचलो. भायेर लोक म्हनत, द्या त्याले आमच्याजवय. मंग पेपर आला. मास्तरनं वाचला. एक जन म्हने, पेपरवाल्यायले ठेकेदारानं पैसे देले असन. झालं, पुन्हा गलका. मले वाटलं आता संपलं."

"मग?"

"मंग कोनीतरी दुसरा पेपर आनला, अकोल्याचा. एक म्हतारा म्हने, अरे, अमरावतीवाला एक म्हनते तं अकोल्यावाला कधी तेच म्हनत नाई. हे दोघं जनमभर भांडले. आज दोघंबी एकच म्हनून राहिले, तं खरंच असन. अन् तहसीलदारसायबाचं नाव हाय. मंग एकेक जन घरी गेला.  पाटलीनबाईनं हाताले हयद लावली."

चाचांचा डावा हात मोडला होता. तो पुढे नीट बसला नाही. पिंजणाची तात कोणीतरी विळ्यानं कापली होती. आम्ही, वऱ्हाडातल्या दोन पेपरांनी, इतकी वर्षं एकमेकांच्या तोंडचा शब्द छापायचा नाही हा हट्ट धरला, आणि त्या हट्टानंच शेवटी एका माणसाचा जीव वाचवला. त्याच हट्टानं तो जायचीही वेळ आणली होती. यातलं कोणतं मोठं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

तो हंगाम चाचा घरीच होते. पुढच्या दिवाळीनंतर कचेरीत आले, नवी तात लावलेलं पिंजण घेऊन. म्हणाले, "भाऊ, निघतो. एक पत्र छापान का? दोन्ही पेपरात." त्यांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं. मी रहीम पिंजारी, यंदा येत आहे, हातात पिंजण आहे, ओळखीचा आहे.  "अन् असं लिवा, का मी आलो म्हंजे पोट्ट्यायले घरात कोंडू नोका."

ते पत्र म्हणजे उघड उघड धंद्याची जाहिरात होती, आणि तीही दोन ठिकाणी. दंतमंजनवाल्याला मी ज्या कारणांनी हाकललं ती सगळी कारणं त्यात होती. बापूसाहेबांनी वाचलं आणि कोपऱ्यात सही केली. इंगळ्यांनी तर फोनवर विचारलंही नाही. मग दर वर्षी दिवाळी झाली की ते पत्र येऊ लागलं आणि दोन्हीकडे छापलं जाऊ लागलं. दर वर्षी ते छापल्यापासून चाचा परत येईपर्यंत मी दर्यापूरच्या गाडीच्या कंडक्टरला रोज त्यांची खबर विचारायचो.

परत आले की मी विचारायचो, कसं झालं? "काम भेटते," चाचा म्हणायचे. "बोलावून बोलावून देते लोक. लाजते बिचारे. पोट्टे नाई भेटत. तात वाजली का त्यायच्या माया दरवाजे लावते." आमच्या घरी काही वेगळं नव्हतं. चाचा अंगणात पिंजायला बसले की सुजाता आतल्या खोलीत जाऊन बसायची. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. 'बाहेर पाठवू नकोस' असं मी त्या रात्री म्हणालो होतो, ते तिनं ऐकलं असावं. भीतीचं असंच असतं. ती डब्यात टाकता येत नाही. मी हजारो पत्रं गाळली आणि घरातलं एक वाक्य मला गाळता आलं नाही.

एका वर्षी मी सवयीनं चाचांचं पत्र आधीच जुळवून ठेवलं होतं. छपाईचे खिळे लावून तयार. चाचा आले आणि म्हणाले, "औंदा नोका छापू, भाऊ."

"का?"

"मागच्या खेपेले निघता निघता एका गावात दोन पोट्टे आले मांगं. मंग चार आले. वेशीपर्यंत आले." ते हसत होते. "आता माहीत हाय त्यायले. छापलं का पुन्हा आठवन."

छापण्याची भीती मी जन्मभर बाळगली होती. न छापण्याची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. मी ते पत्र पानातून काढायला सांगितलं. पान छपाईला जायची वेळ झालेली, मधोमध भोक पडलेलं. हाताशी नानासाहेबांचं गटारीचं पत्र होतं, ते मापात बसलं, मी त्या जागी लावलं. सकाळी नानासाहेब पेपर घेऊन कचेरीत आले. गटार बांधून झाल्याला तेव्हा बरेच दिवस होऊन गेले होते.

चाचा होळीच्या आधी परतले. मी तोवर नीट झोपलो नाही. त्या दिवशी आमच्याकडे पिंजण्याचं काम नव्हतं, पण दारावरून जाताना त्यांनी उगाच एकदा तात वाजवली. टंग. सुजाता तेव्हा हायस्कुलात होती, मागे धावण्याचं वय निघून गेलेलं. ती आतल्या खोलीतून उठली, ओसरीवर आली, आणि आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी तिला आत बोलावलं नाही.